‘उत्साहात साजरे’ कसे करावे : नव्या शिक्षणसेवकासाठी दुसऱ्या सत्राची मार्गदर्शिका

पवित्र पोर्टलवर नाव लागलं, पेढे वाटून झाले आणि अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आपण रुजू झालात, त्याबद्दल अभिनंदन. महिन्याला १८,००० रुपये मानधन आणि तीन वर्षं शिक्षणसेवक, एवढं आदेशात लिहिलेलं असतं. विषय कोणता शिकवायचा हेही लिहिलेलं असतं, पण त्या ओळीवर फार विसंबू नका. दिवाळीनंतर आपण जे काही करणार आहात त्याचा आदेशात कुठेच उल्लेख नाही.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मुख्याध्यापक आपल्याला बोलावतील, चहा पाजतील आणि म्हणतील, ‘सर, तुम्ही तरुण आहात, कॉम्प्युटरचंही जाणता.’ हे वाक्य कानी पडलं की समजावं, सांस्कृतिक विभाग, विज्ञान प्रदर्शनी, सहल आणि यू-डायसची ऑनलाइन माहिती आपल्या नावावर चढली. बाकीचे शिक्षक त्या वेळी खिडकीबाहेर बघत असतात. त्यांच्याकडे मदतीच्या आशेनं पाहू नका. तेही कधीकाळी तरुण होते.

आधी कॅलेंडर बघा

विदर्भातल्या शाळा उन्हापायी बाकी महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे मागून उघडतात. अकोल्याला जूनच्या मध्यात टिनाच्या छताखाली वर्ग भरवून पाहिलेला माणूस याला आक्षेप घेणार नाही. पण मागे पडलेले ते दिवस वर्षभर मागेच राहतात. पहिलं सत्र पाऊस, पोळा, गणपती आणि तालुका-जिल्हा क्रीडा स्पर्धांत जातं. दिवाळीच्या सुट्या संपेपर्यंत नोव्हेंबर लागलेला असतो, आणि दहावीची लेखी परीक्षा आता फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होते. प्रात्यक्षिकं त्याच्याही आधी. म्हणजे हाती उरले जेमतेम तीन महिने.

त्यात २६ नोव्हेंबरला संविधान दिन. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, २२ला गणित दिन, २७ला भाऊसाहेबांची, म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ला जिजाऊ आणि विवेकानंद एकाच दिवशी, १४पासून मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २५ला मतदार दिन, २६ला झेंडा, ३०ला हुतात्मा दिन. फेब्रुवारीत १९ला शिवजयंती, २३ला पुन्हा गाडगेबाबा, २७ला मराठी भाषा गौरव दिन, २८ला विज्ञान दिन. परिपत्रकानं ऐनवेळी येणारे सप्ताह, रॅल्या आणि सामूहिक शपथा यात धरलेल्या नाहीत. याच्याच पोटात स्नेहसंमेलन, सहल, विज्ञान प्रदर्शनी, आनंद मेळावा, शिष्यवृत्तीचे जादा तास आणि दहावीच्या सराव परीक्षा बसवायच्या. वेळ उरल्यास अभ्यासक्रम.

बातमी आधी, कार्यक्रम नंतर

नवखा शिक्षक कार्यक्रम करतो आणि मग बातमी लिहायला बसतो. हे उलटं आहे. बातमी आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवावी. तिचा साचा ठरलेला आहे: स्थानिक अमुक विद्यालयात तमुक जयंती उत्साहात साजरी करण्यात आली. अध्यक्षस्थानी मुख्याध्यापक होते. प्रमुख अतिथी म्हणून हे, विचारपीठावर ते उपस्थित होते. प्रतिमेचे पूजन व हारार्पण झाले. विद्यार्थ्यांनी मनोगत व्यक्त केले. प्रास्ताविक यांनी, संचालन त्यांनी, आभार आणखी कोणी. विद्यार्थ्यांनी काय मनोगत व्यक्त केलं हे लिहिण्याची पद्धत नाही, त्यामुळे ते ऐकण्याचीही गरज पडत नाही.

सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची, ‘यशस्वितेसाठी यांनी परिश्रम घेतले’. या ओळीत शाळेतल्या प्रत्येकाचं नाव आलंच पाहिजे. प्रयोगशाळा सहायकाचं राहिलं तर पुढचा महिनाभर परीक्षानळ्या सापडत नाहीत. शिपाईकाकांचं राहिलं तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची घंटा लांबते. त्या दिवशी रजेवर असलेल्यांनीसुद्धा परिश्रम घेतलेले असतात, हे विसरू नये. अकोल्यात ‘देशोन्नती’, अमरावतीत ‘हिंदुस्थान’ अशी घरची वर्तमानपत्रं असल्यामुळे आपल्याकडे शाळेच्या बातमीला जागा मिळते. पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना हे सुख नाही. छापून आलेलं कात्रण फाइलला लावावं. पुढं तपासणीला येणारे साहेब वर्गात जातीलच असं नाही, फाइल मात्र उघडतातच.

फोटोचं शास्त्र वेगळं आहे. पूर्वी एक फोटो पुरायचा. आता अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छापणारं ॲप लागतं, कारण कार्यक्रम झाला यावर वरच्यांचा विश्वास नाही आणि कार्यक्रम कुठे झाला याबद्दलही त्यांना शंका आहे. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानानं तर फोटोला भावच आणून दिला. राज्यात पहिल्या आलेल्या शाळेला ५१ लाख रुपये म्हटल्यावर कोणत्या मुख्याध्यापकाला झोप लागेल? रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज येतो, ‘परसबागेचे फोटो तात्काळ टाकणे.’ मग सकाळी प्रार्थनेआधी कुणाच्या तरी वावरातली पालकाची रोपं मुळासकट आणून वाफ्यात खोचावी लागतात. दुपारपर्यंत ती माना टाकतात, पण अपलोड सकाळीच झालेलं असतं.

कुठलीही माहिती मागवली आणि आपल्याकडे ती नसेल तर ‘निरंक’ लिहून पाठवावं. हा शब्द नोकरीभर साथ देतो.

खराट्याचे नियम

गाडगेबाबा आपल्या घरचे. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. देह ठेवला २० डिसेंबर १९५६ला, अमरावतीच्या वेशीवर वलगावजवळ. विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. दुसऱ्या सत्रात ते दोनदा येतात आणि दोन्ही वेळा खराटे लागतात.

खराटे नवे आणावेत, जुने फोटोत बरे दिसत नाहीत. झाडण्याची जागा अगोदर झाडून घ्यावी, कारण प्रमुख अतिथींचे कपडे पांढरे असतात. मग त्या स्वच्छ जागेवर थोडा पालापाचोळा पसरवावा. फार नको, एका फोटोपुरता. अतिथी, अध्यक्ष, सचिव आणि मुख्याध्यापक यांनी एकेक खराटा धरून कॅमेऱ्याकडे बघत झाडावं. बाबा गावात आले की आधी दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्या डोक्यातला कचरा काढायचे. कर्ज काढून सण कशाला करता, देवापुढे बकरं कशाला कापता, पोरांना शाळेत का घालत नाही? आपल्या कार्यक्रमात प्रश्न विचारायची सोय नाही. भाषणं आहेत.

एखादं पोट्टं फोटो झाल्यावरही झाडतच राहतं. पार गेटपर्यंत, पानठेल्यासमोरच्या खर्र्याच्या पन्न्यांपर्यंत पोचतं. त्याला हाक मारून वर्गात बसवणं हे आपलं काम. तिसरा तास सुरू झालेला असतो.

विज्ञान प्रदर्शनी

इथे जरा थांबावं लागेल.

प्रदर्शनी तालुक्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून राज्याला जाते. तालुक्याला पन्नास शाळा आल्या तर त्यातल्या पंधरा जेसीबी आणतात. चार सिरिंजा, सलाइनची नळी, लाल-निळं पाणी, पुठ्ठ्याचा हात. दट्ट्या दाबला की जेसीबी माती उचलतो. पास्कलचा नियम काय, असं परीक्षकानं विचारलं की पोरगं डोळे मिटून एका दमात म्हणून दाखवतं. मधेच अडवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. उरलेल्यांत ज्वालामुखी, ठिबक सिंचनाचं मॉडेल आणि आंधळ्यासाठी स्मार्ट काठी. यांच्यातून मार्ग काढायचा असेल तर दिवे लावा. ज्या मॉडेलवर दिवे चमकतात तिथं परीक्षक थांबतो, हे आजवरच्या निकालांवरून सिद्ध झालेलं आहे.

उद्घाटनाला सभापती दीड-दोन तास उशिरा येतील. तोवर पोरं मॉडेलला हात लावू नका म्हणून एकमेकांवर खेकसत उन्हात उभी. भाऊसाहेबांच्या जिल्ह्यात हे घडतं म्हणून जरा टोचतं. पापळसारख्या खेड्यात १८९८ साली जन्मलेल्या या माणसानं भारत कृषक समाजातर्फे दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं, तेव्हा १९५९च्या डिसेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तिथं गेले होते. आपल्याला सभापती मिळत नाहीत.

आता एका अवघड प्रसंगाबद्दल. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पट्ट्यातल्या शाळेत असाल तर कधीतरी आपल्यापुढे एक मुलगी तीन स्टीलच्या ताटल्या घेऊन उभी राहील. पूर्णेच्या खोऱ्यातला हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला तर नाहीच. तर ती मुलगी काय करते? एका ताटलीत घरच्या विहिरीचं एक लिटर पाणी, दुसरीत शाळेजवळच्या बोअरचं, तिसरीत नळयोजनेचं. एका वेळी मावेल तेवढंच ओतत, आठवडाभर उन्हात ठेवून सगळं आटवते. विहिरीच्या ताटलीत पांढरा थर राहतो, नखानं खरवडता येईल असा. बोअरच्या ताटलीत कडेनं गोल. नळाच्या ताटलीत नुसता डाग. मग ती तिन्ही ताटल्या गावातल्या सोनाराकडे नेते, कारण किराणा दुकानाच्या काट्यावर एवढा फरक दिसत नाही हे तिला माहीत असतं. आधी रिकाम्या ताटल्यांचं वजन, नंतर थरासकट. वहीत तीन ओळींचा तक्ता. खाली लिहिलेलं असतं, ‘आजीच्या पोटात वर्षाले किती जाते ते काढणे बाकी आहे.’

घाबरू नका. थर्माकोल आणा. ताटल्यांभोवती हिरव्या कागदाचं शेत करा, दोन एलईडी आणि एक बझर बसवा, वर ‘स्मार्ट वॉटर मॉनिटरिंग सिस्टिम’ असं नाव चिकटवा, आणि बझर का वाजतो असं कुणी विचारलंच तर काय सांगायचं ते पाठ करून घ्या. एवढं करूनही पहिला नंबर जेसीबीलाच जाईल. ती मुलगी प्रोत्साहनपर प्रमाणपत्र घेऊन घरी येईल आणि त्यावर तिचं आडनाव चुकलेलं असेल.

ताटल्या मात्र धुऊ देऊ नका. प्रयोगशाळेच्या कपाटात, कुलपात ठेवा. ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’साठी शाळेमागे पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झाली तर १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. तिथं दिवे नसले तरी चालतात. फॉर्म रात्री अकरानंतर भरावा, दिवसा पोर्टल उघडत नाही.

क्रीडा

भाषणासाठी एक परिच्छेद पुरतो. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं, आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं कबड्डी, मल्लखांबासारखे आपले खेळ करून दाखवले. हे बोलून झाल्यावर खेळाचा तास गणिताला द्यावा. अकोल्यात असाल तर बर्लिनच्या जोडीला शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतल्या बॉक्सरांचा उल्लेख करा आणि तास इंग्रजीला द्या. विभागीय स्पर्धेला पोरं पोचली, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या पाच जिल्ह्यांत खेळली, तर जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार हा प्रश्न खेळ-शिक्षकाला एकांतात विचारा. चारचौघांत विचारू नका.

कापूस आणि गॅदरिंग

डिसेंबरात निमंत्रणपत्रिका छापाल. तेव्हाच शिवारात वेचणी जोरात असते. सामूहिक नृत्यातल्या आठ पोरींपैकी तीन गायब होतात आणि आपल्याला त्यांच्या घरी जावं लागतं. संवाद साधारण असा होतो.

‘काकू, पोरगी काहून येऊन नाही राहिली? गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे.’

‘सर, कापूस फुटून राह्यला. वेचाले माणूस भेटत नाही. चार दिस पोरीले संग नेलं तं काय झालं?’

‘मेन रोल आहे तिचा. मधात नाचते ते.’

‘नाचाचं काय सांगता सर, आमचा तं बारमाही चालू आहे.’

यावर उत्तर नाही. चहा पिऊन परत यावं आणि मधल्या जागी दुसरी मुलगी उभी करावी. एक निरीक्षण मात्र सांगून ठेवतो: हीच पोरगी एनएमएमएसच्या जादा तासाला वेचणीतून थेट येते. पोटाला बांधलेली ओटी सोडून दप्तर उचललेलं असतं, बाहीला कापसाची बोंडुली चिकटलेली. आठवीची परीक्षा, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, पास होऊन यादीत नाव लागलं की नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये. तिच्या आईला हे गणित कुणी समजावून सांगावं लागत नाही. तुमच्या सत्रातला हा सगळ्यात मोठा उपक्रम आहे, आणि त्याला ना बॅनर लागतो, ना अध्यक्ष. म्हणून तो उपक्रमांच्या यादीत सर्वांत शेवटी टाकतात. तुम्ही वर टाका. टाकल्यावर कुणी विचारलं तर टायपिंगची चूक म्हणा.

आता प्रत्यक्ष गॅदरिंग. पत्रिकेत वेळ सकाळी ११ची छापावी, म्हणजे एकपर्यंत उद्घाटन होतं. दीपप्रज्वलन उघड्या मैदानावर असेल तर समईच्या वाऱ्याकडच्या बाजूला एक उंच शिक्षक उभा करावा. माडीवरून स्पीकर लावणारा मुलगा, त्याचा पेनड्राइव्ह आणि त्याचा मूड, तिन्हींची दोन-दोन प्रतींत सोय ठेवावी. नाहीतर शिवराज्याभिषेकाच्या प्रवेशात हळदीचं गाणं वाजतं आणि महाराज सिंहासनाकडे ठुमकत जातात.

सत्काराला शाल-श्रीफळ. पुष्पगुच्छाऐवजी रोपटं दिलं की पर्यावरणपूरक, पुस्तक दिलं की वाचनसंस्कृती. दोन्ही गोष्टी अतिथी खुर्चीखाली विसरून जातात आणि पुढच्या कार्यक्रमाला कामी येतात. ‘मी फार वेळ घेणार नाही’ असं जो म्हणेल त्याच्या भाषणाला पाऊण तास धरा. एक मात्र करून घ्या. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीपासून आपण दूर नाही. शाळेत खंजेरी वाजवणारं एखादं पोट्टं असतंच, बहुतेक शेवटच्या बाकावर, गणितात कच्चं. त्याला भाषणांच्या मधे सोडून द्या. मंडपाबाहेर पानठेल्यावर उभे असलेले बाप तेवढ्या दहा मिनिटांसाठी आत येतात. मग पुढचं भाषण सुरू झालं की परत जातात.

बक्षीसवाटप सर्वांत शेवटी ठेवण्याची परंपरा आहे. तोवर खेड्यावरून आलेल्या पोरांची शेवटची एसटी निघण्याच्या बेतात असते. नावं पुकारली जातात, मुलं नसतात, मोमेंटो टेबलावर तसेच. सोमवारी ते वर्गात नेऊन द्यावेत. फोटो काढायची गरज नसल्यामुळे हे वाटप चटकन होतं, आणि पोरं टाळ्याही जास्त वाजवतात.

सहलीबद्दल थोडक्यात: चिखलदरा किंवा नरनाळा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, एसटीची सवलत, आणि घाटासाठी पिशव्या. पिशव्या जास्त घ्या.

हिशोब

जानेवारी संपता संपता दहावीच्या बाकांवर बैठक क्रमांक चिकटवायचं काम निघतं. याच सुमारास मंडपवाल्याचे फोन सुरू होतात. ‘सचिव बाहेरगावी आहेत,’ असं सांगावं. दुसऱ्यांदा, ‘सही राहिली आहे.’ तिसऱ्यांदा, ‘ऑडिट चालू आहे.’ नाश्त्याच्या कचोऱ्यांचे, हारांचे आणि पेनड्राइव्हचे पैसे आपण खिशातून दिलेले असतील; त्यांच्या पावत्या जपून ठेवा, त्या कुणी मागणार नाही. चौथ्यांदा मंडपवाला फोन करत नाही, स्वतःच येतो. मोटरसायकल झाडाखाली लावून स्टाफरूमच्या दाराशी उभा राहतो आणि म्हणतो, ‘सर, मी याच शाळेतला आहो. माह्या वक्ती मंडपवाल्याले हेच सांगाले मलेच गेटवर धाडत जाय.’

त्याला बसायला खुर्ची द्या आणि मुख्याध्यापकांना बोलावून आणा.